सूर बरोबर, लेबल चूक: फ्रिक्वेन्सीच्या आलेखावरची स्वरांची नावं पुन्हा पुन्हा का सरकतात

आधी लक्षण सांगते. गाण्याच्या रेकॉर्डिंगवरून फ्रिक्वेन्सीचा आलेख काढायचा आणि आडव्या अक्षावर हर्ट्झच्या आकड्यांऐवजी स्वरांची नावं लावायची, एवढंच काम. पहिल्या फाइलवर सगळं जागच्या जागी बसतं. दुसरी फाइल घेतली की काळी चारच्या शिखराखाली पांढरी पाच लिहून येतं (ही पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नावं). नीट बघावं म्हणून आलेख मोठा केला तर नावं आणखी सरकतात. दुरुस्ती करावी, आठवडाभर बरं चालावं आणि पुन्हा तेच दुखणं. माझं हे दोन महिने चाललं होतं, कारण मी एकच चूक शोधत होते आणि चुका निघाल्या चार. एक झाकली की दुसरी डोकं वर काढायची.

ठाण्यात नौपाड्याला माझ्या मावशीचा गाण्याचा क्लास आहे. शुक्रवारी ऐरोलीच्या ऑफिसातून निघाले की मी लोकलने ठाण्याला येते आणि थेट तिच्याकडे जाते. मुलींना आपला आवाज डोळ्यांनी बघता यावा म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. फोनवर रेकॉर्ड करायचं, फाइल लॅपटॉपवर घ्यायची, आलेख बघायचा. त्यात एका मुलीचा सा दर वेळी काळी तीन आणि पांढरी पाच यांच्यात हेलकावे खाताना दिसायला लागला. तिची पट्टी काळी चार. तिने ते मनाला लावून घेतलं, घरी तास तास नुसता सा घोटत बसली, आणि पुढच्या आठवड्यात आली ती दबलेल्या आवाजाने. मावशीने तिला तानपुऱ्यासमोर बसवलं, डोळे मिटून तिचा सा ऐकला आणि मला म्हणाली, "हिचा सा पक्का आहे गं. तू तुझा आलेख तपास."

मावशीचं बरोबर होतं. लेबल चुकलं की बघणारा आधी आपल्या गळ्यावर शंका घेतो, आलेखावर घेत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं स्पेलिंग वापरा.

आधी बनवलेला सूर घालून बघा

रेकॉर्डिंग बाजूला ठेवा. कोडमध्येच दोन सेकंदांची शुद्ध साइन लाट तयार करा, २०७.६५ हर्ट्झची. बायकांच्या आवाजाला लागते ती ही काळी चार, मधल्या सीच्या (पांढरी एकच्या) खालची. ती लाट आपल्याच प्रोग्रॅमला खायला घाला. लेबल बरोबर आलं तर नाव काढण्याचं गणित आणि आलेख ठीक आहेत, गडबड फाइल वाचण्यात आहे. लेबल सुरुवातीला बरोबर आणि आलेख मोठा केल्यावर चूक, तर गडबड अक्षात आहे. सुरुवातीपासूनच चूक, तर गणितात. ही पाच मिनिटांची चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर ती मुलगी आठवडाभर स्वतःला दोष देत बसली नसती.

नाव काढण्याचं गणित अगदी थोडकं आहे:

क्रमांक = ६९ + १२ × लॉग२(फ्रिक्वेन्सी ÷ ४४०)

सप्तकाचे बारा सारखे भाग, आणि ए (पांढरी सहा) म्हणजे ४४० हर्ट्झ. हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला आणि पुढे आयएसओ १६ या मानकात तोच राहिला. मिडीमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वर-क्रमांकांच्या पद्धतीत, त्या ए-चा क्रमांक ६९. आपली काळी चार येते ५६ वर. ५६ ला १२ ने भागून उरतात ८, आणि सी ला शून्य धरून मोजलं तर आठवी जागा जी शार्पची, म्हणजे काळी चारची. पेटीवरची नावं लावायची असतील तर बारा जणांची यादी ओळीने अशी: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये काळी नाही, हे हाताला माहीत असतं पण यादी टाइप करताना निसटतं. एकदा तिथे घसरलं की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे राउंडच्या जागी इंट लावणं. इंट अपूर्णांक कापून टाकतं. गाणारीचा सूर केसभर खाली असेल, क्रमांक ५५.९९ आला, की इंट त्याचे ५५ करतं आणि नाव थेट पांढरी पाचचं लागतं. एका सेंटच्या (घराच्या शंभराव्या भागाच्या) फरकाला अख्ख्या घराची शिक्षा. राउंड वापरा, आणि किती सेंट वर किंवा खाली ते शेजारी वेगळं लिहा. सप्तकाचा आकडा लावत असाल तर तो सी ला बदलतो, ए ला नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि एफएफटीचा, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून एकेका खणात टाकणाऱ्या गणिताचा, पहिला खण शून्य हर्ट्झचा असतो. शून्याचा लॉग उणे अनंत, त्याला राउंड करायला गेलं की प्रोग्रॅम ओव्हरफ्लोची तक्रार करून थांबतो. तो खण वगळूनच पुढे जा.

सगळेच सूर सारखे सरकले असतील तर सॅम्पल रेट बघा

माझी साइन लाट बरोबर दिसली. म्हणजे खोट फाइलच्या बाजूला होती. पहिल्या दिवशी ज्या फाइलवर सगळं जुळवलं ती मावशीच्या जुन्या रेकॉर्डरवरची, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची. तो आकडा, म्हणजे सॅम्पल रेट, मी कोडमध्ये सरळ लिहून टाकला होता. मुलींचे फोन रेकॉर्ड करतात ४८,००० ने. त्या फाइलला ४४,१०० ची समजून वाचलं की प्रत्येक फ्रिक्वेन्सी ०.९१८७५ पटीने खाली दिसते. हे अंतर १४७ सेंटचं, म्हणजे जवळपास दीड घराचं.

आता त्या मुलीचा सा घ्या. २०७.६५ चे झाले १९०.७८ हर्ट्झ. ही जागा काळी तीनच्या ५३ सेंट वर आणि पांढरी पाचच्या ४७ सेंट खाली, म्हणजे दोन घरांच्या जवळजवळ मध्यावर. माणसाचा आवाज पाच-सात सेंट हलणारच, तो काही विजेवर चालत नाही. पण मध्यावर उभं केलेलं नाव तेवढ्याने या घरातून त्या घरात उडी मारतं. आम्ही बघत होतो ते हेलकावे आमच्या राउंडिंगचे होते. जुन्या फाइली खऱ्या रेटने पुन्हा वाचल्या तेव्हा तिची एकूण एक रेकॉर्डिंग काळी चारवर स्थिर निघाली. मी ते आलेख छापून नेले आणि तिच्या हातात दिले.

दुरुस्ती सोपी आहे: रेट कधीही हाताने लिहू नका, फाइल वाचणाऱ्या फंक्शनकडून घ्या. सायपाय या पायथनच्या लायब्ररीचं वेव्हफाइल-रीड दोन गोष्टी परत देतं, आधी रेट आणि मग नमुने. लिब्रोसा या आवाजासाठीच्या लायब्ररीचं लोड आधी नमुने देतं आणि मग रेट. एकीकडून दुसरीकडे कोड हलवताना हा क्रम उलटा होतो.

लिब्रोसा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. काहीही सांगितलं नाही तर ते प्रत्येक फाइल २२,०५० च्या रेटवर उतरवून देतं. पुढच्या कोडमध्ये कुणी ४४,१०० गृहीत धरलं असेल तर सगळ्या फ्रिक्वेन्सी बरोब्बर दुप्पट दिसतात. दुप्पट म्हणजे एक सप्तक वर. त्यामुळे स्वराचं नाव अगदी बरोबर येतं, फक्त सप्तक चुकतं, आणि नावाकडे बघणाऱ्या कुणालाच संशय येत नाही. मला ही चूक सगळ्यांत घातक वाटते. दीड घराची चूक ओरडून सांगते, ही गप्प बसते. फाइलचा मूळ रेट ठेवायचा असेल तर लोडला एसआर म्हणून नन द्या.

फाइल स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजूंची सरासरी काढून एकच ओळ करा. दोन रांगा तशाच एफएफटीला दिल्या तर निघणाऱ्या आलेखाला काही अर्थ नसतो, आणि रांगा एकाआड एक गुंफून सपाट केल्या तर सूर एक सप्तक खाली दिसतो.

मोठं केल्यावर नावं सरकत असतील तर अक्ष बघा

इथे माझा सर्वांत जास्त वेळ गेला, कारण एकामागून एक दोन चुका मीच रचून ठेवल्या होत्या.

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये मी आधी टिकच्या (अक्षावरच्या खुणांच्या) जागा ठरवल्या, त्यांना नावं दिली, आणि शेवटी सेमीलॉगएक्स वापरून रेषा काढली. आलेखावर नावं नव्हतीच. दहाचा वर्ग, दहाचा घन असे नेहमीचे आकडे आले. सेमीलॉगएक्स आतल्या आत अक्षाचं मोजमाप लॉग करतं, आणि मोजमाप बदललं की अक्षाचा लोकेटर (टिक कुठे ते ठरवणारा) आणि फॉर्मॅटर (टिकखाली काय लिहायचं ते ठरवणारा) दोन्ही नव्याने बसवले जातात. आपण लावलेली नावं त्यात पुसली जातात. सेट_एक्सस्केलचंही तसंच. त्यामुळे क्रम असा हवा: आधी स्केल, मग रेषा, आणि टिक सगळ्यांत शेवटी. आलेख चालू आवाजावर हलता ठेवला असेल आणि प्रत्येक चित्रापूर्वी क्लिअर करत असाल तर क्लिअरसुद्धा हे सगळं धुऊन नेतं. तिथे रेषा एकदाच काढा आणि दर वेळी सेट_डेटा देऊन फक्त तिचे बिंदू बदला.

मला त्या वेळी हे माहीत नव्हतं. नावं दिसत नाहीत म्हणून मी रेषेनंतर नुसतं सेट_एक्सटिकलेबल्स लिहिलं, जागा न देता. नावं उमटली, मी समाधानाने घरी गेले. पण हे फंक्शन नावं वाटतं ते टिकच्या रांगेतल्या क्रमाने. वर्गातल्या मुलांना बसल्या जागेच्या क्रमाने नावं वाटावीत आणि मुलांनी जागा बदलल्या तरी यादी वरून तशीच वाचत जावं, असा तो प्रकार. आलेख मोठा केला की टिक बदलतात, यादी तीच राहते. मॅटप्लॉटलिब याबद्दल सूचना देतं, की ठरावीक नावं लावायची तर जागाही ठरावीक हव्यात. ती सूचना टर्मिनलवर रोज येत होती आणि मी ती वाचून सोडून देत होते.

आणखी एक उपद्रव म्हणजे लॉग अक्षाचे बारीक टिक. एखाद्या सप्तकाएवढाच तुकडा बघत असलात तर मॅटप्लॉटलिब बारीक टिकांनाही स्वतःहून आकडे लावतं आणि ते आपल्या नावांवर चढतात. मायनर फॉर्मॅटर म्हणून नलफॉर्मॅटर दिला की ते जातात.

एवढं सगळं जमवल्यावर मी लॉग अक्षच काढून टाकला, आणि माझा सल्लाही तोच आहे. फ्रिक्वेन्सी अक्षावर ठेवूच नका. आधी तिच्या पायऱ्या करा आणि साध्या, सरळ अक्षावर पायऱ्या काढा:

पायरी = १२ × लॉग२(फ्रिक्वेन्सी ÷ सा)
सूर = राउंड(पायरी)
जागा = सूर % १२
सप्तक = सूर // १२
सेंट = (पायरी − सूर) × १००

पायथन ३ मध्ये चलांची नावं अशी देवनागरीत चालतातही, मावशीला कोड दाखवताना मला त्याचा फार उपयोग झाला. अक्षावर मुख्य टिक मल्टिपललोकेटर १२ ने लावले की ते बरोबर प्रत्येक सप्तकाच्या सा-वर पडतात, आणि बारीक टिक १ ने लावले की उरलेल्या अकरा स्वरांवर. नावासाठी फंकफॉर्मॅटर वापरा. त्याला टिकची किंमत मिळते, तिच्यावरून नाव तिथल्या तिथे काढलं जातं, त्यामुळे आलेख कितीही ओढा किंवा मोठा करा, नाव आपल्या स्वराला सोडत नाही. या फंक्शनच्या आतही राउंड हवंच, कारण टिकची किंमत कधी ६.९९९९९ अशी येते आणि इंट लावलं तर पंचमाचा तीव्र मध्यम होतो.

सा-च्या खालच्या पायऱ्या उणे येतात, त्याची भीती नको. पायथनमध्ये उणे ५ ला १२ ने भागून बाकी ७ येते, म्हणजे पंचम, आणि सप्तक येतं उणे १, म्हणजे मंद्र. अगदी हवं तेच. हाच कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहिलात तर तिथे बाकी उणे ५ येते आणि यादीत त्या जागी काहीच सापडत नाही. तिथे बाकीत १२ मिळवून पुन्हा बाकी काढा.

खालच्या सप्तकात काही स्वर कधीच उमटत नसतील तर

क्लासमध्ये काळी एकात गाणारे एक काका आहेत. पहाटे खर्ज भरतात, भैरव त्यांच्या आवडीचा. त्यांच्या आलेखात मंद्र सप्तकात मध्यम, पंचम आणि शुद्ध धैवत दिसायचे. कोमल धैवत मात्र कधीच नाही. भैरवात कोमल धैवत नाही म्हणजे उरलं काय? काका म्हणाले, "माझ्या कानाला तर लागतोय."

लागतच होता. मी एफएफटीला ४,०९६ नमुने देत होते. ४८,००० ला ४,०९६ ने भागा: एक खण ११.७२ हर्ट्झचा. त्या भागात ओळीने पडणारे खण म्हणजे ९३.७५, १०५.४७ आणि ११७.१९ हर्ट्झ. त्यांना सर्वांत जवळची घरं अनुक्रमे काळी तीन, काळी चार आणि काळी पाच. काळी एकातून बघितलं तर हेच मंद्र म, प आणि शुद्ध ध. कोमल धैवत साधारण ११० हर्ट्झवर. तिथे खणच नाही. काकांनी कितीही सुरेल लावला तरी माझा प्रोग्रॅम त्याला पंचम नाहीतर शुद्ध धैवत म्हणणार. तिथल्या शेजारच्या दोन घरांत सहा हर्ट्झचंच अंतर असतं, आणि माझी चाळणी जवळजवळ दुप्पट भोकांची.

नमुने ३२,७६८ केले की खण १.४६ हर्ट्झचा होतो. त्यासाठी ०.६८ सेकंदांचा आवाज लागतो. ठेहरावाच्या स्वराला, खर्जाला, तानपुऱ्याला हे चालतं. तानेला चालत नाही, तेवढ्या वेळात तान पाच-सहा स्वर ओलांडून गेलेली असते. मी दोन वेगळे आलेख ठेवले आहेत, रियाजाचा आणि तानेचा, आणि तानेच्या आलेखावर खालच्या सप्तकाची नावं लावतच नाही. जे दिसूच शकत नाही त्याचं नाव लिहायचं कशाला.

४,०९६ नमुन्यांना पुढे शून्यं जोडून लांबी वाढवली तर आलेख गुळगुळीत होतो, एकट्या शिखराची जागाही बरी कळते, पण जवळजवळचे दोन सूर वेगळे होत नाहीत. त्यापेक्षा हॅन विंडो (आवाजाच्या तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारी) लावा आणि शिखराचा बिंदू व त्याचे दोन शेजारी यांच्या डेसिबलमधल्या उंचींतून पॅराबोला काढून टोक शोधा. एकाच आवाजाच्या स्पष्ट शिखराला याने खणाच्या आतली जागा मिळते.

सा कुठला?

हे शेवटी आलं, पण खरं म्हणजे सुरुवात इथून करायला हवी होती. क्लासमधली पेटी जुनी आहे, तिचा ए ४३६ च्या आसपास बोलतो. तिच्या काळी चारचा सा म्हणून २०५.८ हर्ट्झ. मुली त्या पेटीला मिळवून गातात. माझा आलेख ४४० धरून मोजायचा आणि सगळ्या क्लासला १६ सेंट उतरलेला ठरवायचा. आपल्याकडे सा गाणाऱ्याचा असतो, तो त्याच्याकडूनच घ्यायला हवा. म्हणून वरच्या गणितात ४४० नाही, सा आहे. पेटीच्या पट्टीची नावंही हवी असतील तर सेकंडरी_एक्सअ‍ॅक्सिसने वर दुसरा अक्ष लावा: खाली सा रे ग म, वर काळी-पांढरी.

सा मोजताना तानपुऱ्याचं सर्वांत उंच शिखर घेऊ नका. मी घेतलं होतं. चांगली जवारी लागलेल्या तानपुऱ्यात वरचे स्वयंभू स्वर (तारेतून आपोआप उमटणारे उपस्वर) मूळ स्वरापेक्षा मोठ्याने झंकारतात; माझ्या प्रोग्रॅमने गांधाराला सा समजून सगळी नावं पुन्हा वाटली. सा काढायला लिब्रोसामधलं यिन किंवा पीयिन वापरा. यिन ही पद्धत शिव्हेन्ये आणि कावाहारा यांनी २००२ साली मांडली. ती सर्वांत उंच शिखर न शोधता लाट किती काळाने स्वतःसारखी दिसते ते बघते. आम्ही पेटीची एकच पट्टी पाच सेकंद धरतो आणि त्यातल्या किमतींचा मध्यक घेतो.

मग उरला तो स्वयंभू गांधार. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, सा-शी ५:४ चं नातं. तो १२ समान भागांच्या गांधारापेक्षा १४ सेंट खाली असतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये दहा सेंटच्या बाहेर गेलेला स्वर लाल व्हायचा. मावशीने आलेखात तानपुऱ्याचा गांधार लाल बघितला आणि काही न बोलता खर्जाची तार छेडून मला ऐकवली. तो गांधार ऐकून कुणी त्याला बेसूर म्हणणार नाही. सातवा उपस्वर तर कोमल निषादाच्या ३१ सेंट खाली येतो, तोही लाल.

मी लाल-हिरवा रंग काढून टाकला. पुष्कळांनी सुचवलं की समान भागांऐवजी शुद्ध गुणोत्तरं घाल: पंचम ३:२, मध्यम ४:३, गांधार ५:४. पंचमाबद्दल वाद नाही. पण धैवत ५:३ घ्यायचा, ८८४ सेंटचा, की २७:१६ घ्यायचा, ९०६ चा? ते राग सांगतो, गाणाऱ्याचं घराणं सांगतं. माझा कोड ते ठरवणार नाही. लेबलात नाव आणि सेंट एवढंच येतं, "ग −१४", आणि त्याचं काय करायचं ते गुरू बघतो.

सहा स्वर नीट आणि सातवा मोडका

देवनागरी लेबलांच्या जागी चौकोन येत असतील तर फॉन्टचा प्रश्न आहे. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या देजावू सान्समध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. नोटो सान्स देवनागरी किंवा विंडोजवरचा मंगल द्या. तरीही सगळे स्वर ठीक आणि फक्त नि मोडका दिसेल, वेलांटी न-च्या मागे पडलेली. वापरात असलेल्या पुष्कळ आवृत्त्या अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकामागे एक मांडतात, आणि ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसायला हवी आधी. मी लेबलात दीर्घ नी लिहिते, तिची वेलांटी मुळातच नंतर येते. जोडाक्षरांनाही हाच अपाय होतो, त्यामुळे "मंद्र" न लिहिता मी भातखंडे पद्धतीचा खालचा बिंदू वापरून बघितला. तोही नेमका अक्षराखाली बसेना. कोमलाची खालची रेघ आणि तीव्र मध्यमाची वरची उभी रेघ यांचंही तेच. शेवटी कोमलाला आधी "को" आणि मध्यमाला "ती" असं साधं लिहिलं, आणि मंद्र सप्तकाचा भाग फिकट पार्श्वभूमीने दाखवला. वाचायला काही अडत नाही.

आणि सगळीकडे दिसणारी ती पांढरी पाच

फोन सोडून आम्ही लॅपटॉपला छोटा माइक लावला तेव्हा प्रत्येक फाइलमध्ये वरच्या अक्षावर एक शिखर हटकून यायला लागलं: पांढरी पाच, ३५ सेंट वर. कुणीही गावो, कुठल्याही पट्टीत गावो. सप्तकभर वर पुन्हा पांढरी पाच, ३५ वर. त्याच्याही वर पांढरी दोन, ३७ वर. हे ५०, १०० आणि १५० हर्ट्झ, घरातली वीज. सा बदलला तरी जागा बदलत नाही हीच त्याची ओळख. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की ते बहुतेक गेलं. उरलं ते पंख्याचं. ८० हर्ट्झच्या खालचं गाळून टाकलं तर ५० जातं, पण १०० ला हात लावू नका, तिथे काकांचा खर्ज आहे.

जूनमध्ये खिडक्या बंद करून पंख्याशिवाय बसणं कठीण, म्हणून आम्ही रेकॉर्डिंगपुरता तो दोन मिनिटं थांबवतो. प्रत्येक आलेखाखाली आता बारीक अक्षरात चार गोष्टी छापल्या जातात: फाइलचा सॅम्पल रेट, नमुन्यांची संख्या, सा किती हर्ट्झचा धरला, आणि तो कुठून घेतला. परवाच्या शुक्रवारी त्याच मुलीने आलेख हातात घेतला, खालची ओळ वाचली आणि म्हणाली, "ताई, यात सा २०६ धरलाय, आज पेटी नव्हती, आम्ही तानपुऱ्यावर गायलो." तो तानपुरा २०४ वर मिळवलेला होता. मी सा बदलून आलेख पुन्हा काढला.